खाडीचा गाळ तपासून घेताना

खाडीच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवावी, तिच्यात शिसे, पारा अथवा कॅडमियम यांपैकी काहीही नाव घेण्याजोग्या प्रमाणात आढळू नये, आणि तेवढ्या अहवालावर समाधान मानून खाडी निर्दोष असल्याचा निर्वाळा द्यावा, हा प्रकार आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की त्यातील मूळची गफलत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जड धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळू लागले म्हणजे त्यातील सूक्ष्म मृत्कण परस्परांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचे पूट त्यांच्यावर चढते, आणि पाण्यात विरघळलेले तांबे, जस्त, शिसे, पारा हे या कणांना धरून मुकाट्याने तळाशी जातात. सेंद्रिय घाण पुढेमागे कुजून नाहीशी होते. धातू हे मूलद्रव्यच असल्यामुळे त्याचे रूप पालटते, ठिकाण पालटते, परंतु त्याचा नाश होत नाही. म्हणून ज्याला खाडीची खरी कैफियत ऐकावयाची आहे, त्याने पाण्याकडून गाळाकडे वळले पाहिजे.

मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी, खाडीकाठच्या ग्रामपंचायती, विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापक आणि आपल्या गावच्या खाजणाविषयी आस्था बाळगणारे सामान्य नागरिक यांना गाळाची तपासणी करवून घेण्याचा अथवा दुसऱ्याने केलेल्या तपासणीचा अहवाल वाचण्याचा प्रसंग अलीकडे वरचेवर येतो. त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. त्यात एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी सांगावयाची आहे, ती अशी की, गाळातील धातूचा एकाकी आकडा कोणाला दोषीही ठरवीत नाही आणि निर्दोषही सोडीत नाही. तो गाळ कोठला, किती बारीक, कशाशी ताडून पाहिलेला आणि धातू त्यात कोणत्या रूपाने बसलेला, हे चार प्रश्न विचारल्यावाचून त्या आकड्याला अर्थच प्राप्त होत नाही.

उदाहरणादाखल ठाण्याची खाडी घेऊ, कारण आपल्या किनाऱ्यावर या विषयाचा इतका अभ्यास क्वचितच दुसऱ्या खाडीचा झाला असेल. सुमारे 26 किलोमीटर लांबीची ही खाडी ठाण्यापाशी अरुंद आणि मुंबई बंदराच्या बाजूस रुंद होत गेलेली असून, घोडबंदरच्या बाजूने एका चिंचोळ्या वाटेने ती उल्हास नदीशी जोडलेली आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने, रंग, औषधे आणि धातुकाम यांचे कारखाने उभे राहिले. पश्चिमेच्या काठास मुंबईची उपनगरे आणि त्यांचे नाले आधीपासून होतेच. याच खाडीचा 1,690 हेक्टरांचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या चिखलात धातू साठतात त्याच चिखलात चोच घालून हजारो रोहित पक्षी उदरनिर्वाह करतात, हे शेजार सरकारदरबारच्या कोणत्याही एका दप्तरात एकत्र नोंदलेले सहसा सापडत नाही. उत्तरेकडे उल्हासच्या काठी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली हा दुसरा औद्योगिक पट्टा आहे. मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा विद्युदग्र वापरीत असत, आणि उल्हासच्या खाडीतील पाऱ्यासंबंधीच्या अभ्यासांत या उद्योगाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो.

गाळ काढण्यापूर्वी कागद जमवावेत. खाडीला मिळणारे नाले कोणते, त्यांच्या माथ्याशी कोणते कारखाने अथवा कचराभूमी आहेत, पूर्वी कोणते उद्योग होते आणि ते केव्हा बंद पडले, गाळ उपसण्याची कामे कोठे झाली, याचा तपशील जितका पक्का तितकी पुढची मेहनत सार्थकी लागते. कारखान्यांची संमतीपत्रे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जुने विश्लेषण-अहवाल यांच्या नकला माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज करून मागता येतात. उत्तराची मुदत सामान्यतः 30 दिवसांची आहे. परंतु कागदांपेक्षाही उपयोगी पडते ती काठावरच्या जाणत्या माणसाची जबानी. कोणत्या नाल्याच्या मुखाशी कालवे धरेनाशी झाली, कोणत्या भागात पूर्वी वाळू लागत असे आणि आता पाय गुडघ्यापर्यंत रुततो, हे कोळीवाड्यातील वृद्धास जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात नसते.

नमुन्यांची ठिकाणे ठरविताना नाल्याच्या तोंडाशी जाऊन सर्वांत काळाकुट्ट चिखल तेवढा भरून आणण्याचा मोह अनावर होतो. त्याने वर्तमानपत्राला मथळा मिळतो, ज्ञान मिळत नाही. नाल्याच्या वर एक, मुखाशी एक, तेथून प्रवाहाच्या दिशेने वाढत्या अंतरावर काही, आणि जेथे तो नाला पोहोचत नाही अशा तुलनेच्या जागी एक, अशी मालिका हवी, म्हणजे आकडा स्रोतापासून दूर जाताना उतरतो की नाही हे दिसते. प्रत्येक ठिकाणी हातभर अंतराने तीन नमुने घ्यावेत, कारण एकाच जागचा चिखलसुद्धा एकजिनसी नसतो. ऋतूही एकच राखावा. पावसाळ्यात नद्यांचा लोंढा वरचा थर धुऊन नेतो आणि नवा गाळ आणून टाकतो. त्यामुळे मे महिन्यातील नमुना ऑक्टोबरातील नमुन्याशी ताडून प्रदूषण घटल्याचा आनंद मानणे व्यर्थ होय. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांच्या घरात जाते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात उतरावयाचे ते तिथीचे गणित जाणणाऱ्या स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, आणि पाणी फिरण्याच्या पुष्कळ आधी परतण्याच्या बेताने.

गाळ उचलण्यास लोखंडी थापी वापरू नये. प्लास्टिकची पळी वापरावी आणि नवी पॉलिथिनची पिशवी अथवा सौम्य नायट्रिक आम्लाने धुतलेला प्लास्टिकचा डबा घ्यावा. हल्लीची अवस्था पाहावयाची असेल तर वरचा दोन सेंटिमीटरांचा थर पुरे. इतिहास पाहावयाचा असेल तर प्लास्टिकची नळी सरळ खाली दाबून उभा स्तंभ काढावा आणि त्याच्या चकत्या कराव्यात. पिशवीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरतीची स्थिती आणि खोली यांची नोंद तेथल्या तेथे करावी. नमुने बर्फात ठेवून न्यावेत. पारा तपासावयाचा असेल तर गाळ भट्टीत कडक तापवून वाळवू नये, कारण पारा उडून जातो. नमुना गोठवून निर्वातात वाळवणे उत्तम, आणि ते शक्य नसेल तर 40 अंशांच्या आसपासच्या मंद उष्णतेवर वाळविणे बरे.

प्रयोगशाळेला काय विचारावे, हा भाग मात्र बहुतेकजण सोडून देतात आणि तेथेच फसगत होते. पहिला प्रश्न असा की, गाळ कशात विरघळविला. हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिकेटांचे कणसुद्धा फुटतात आणि धातूची एकूण मात्रा हाती येते. केवळ अम्लराजाने खनिजाच्या गाभ्यात अडकलेला क्रोमियमसारखा धातू पुरता सुटत नाही. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडणे म्हणजे निरनिराळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच खात्यावर चढविणे होय. दुसरा प्रश्न, प्रमाणित संदर्भ-गाळ बरोबर तपासला होता काय. ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच निश्चित आहे असा गाळ अशा कामासाठी विकत मिळतो, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेने बरोबर दिले नसेल तर आपल्या नमुन्याचे दिलेले उत्तर बरोबर असण्याची खातरजमा कशी व्हावी? तिसरे म्हणजे, आकडे कोरड्या वजनावर आहेत की ओल्या, हे लिहून घ्यावे. खाडीच्या चिखलात निम्म्याहून अधिक पाणी असू शकते, आणि तेवढ्या एका अनुल्लेखाने आकडा दुप्पट किंवा निमपट होतो. पीपीएम आणि किलोग्रॅममागे मिलिग्रॅम ही गाळाच्या बाबतीत एकाच मापाची दोन नावे आहेत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे अहवाल बिचकवीत नाही.

आता कणांच्या जाडीकडे येऊ. धातू बारीक चिखलाला धरतो, वाळूला फारसा धरीत नाही; त्यामुळे दोन ठिकाणी प्रदूषण सारखेच असूनही जेथे वाळू अधिक तेथे आकडा लहान येतो. सराफ दागिना तोलताना आतली लाख वजा करून सोन्याचे वजन धरतो, तशी गाळातली वाळू हिशेबातून वजा करावी लागते. ती दोन रीतींनी होते. एक, 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गाळ गाळून खाली पडलेला बारीक भागच तपासावा. किंवा धातूचे प्रमाण त्याच नमुन्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या प्रमाणाशी गुणोत्तराने मांडावे, कारण अ‍ॅल्युमिनियम मृत्कणांचा मुख्य घटक असून कारखान्यांतून येणारी त्याची भर निसर्गाच्या मानाने सहसा क्षुल्लक असते. ज्या अहवालात कणांचे मापही नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही नाही, त्याच्यावरून दोन ठिकाणांची तुलना करू नये.

आणि याहून महत्त्वाचा प्रश्न तुलनेच्या पायाचा. जगभरचे अभ्यासक 1961 साली टुरेकियन आणि वेडेपोल यांनी प्रसिद्ध केलेल्या सरासरी शेल खडकाच्या कोष्टकाचा आधार घेतात. त्यात तांबे 45, जस्त 95, शिसे 20, क्रोमियम 90 पीपीएम आणि अ‍ॅल्युमिनियम सुमारे 8 टक्के धरले आहे. परंतु आपल्या उत्तर कोकणच्या खाड्यांत येणारी माती दख्खनच्या काळ्या बेसाल्टाची आहे, आणि हा खडक मुळातच तांबे, क्रोमियम, निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम यांनी समृद्ध आहे. शेलच्या मापाने मोजल्यास सह्याद्रीचा कातळसुद्धा प्रदूषित ठरेल! एक कल्पित हिशेब करून पाहू. समजा नमुन्यात तांबे 120 पीपीएम आणि अ‍ॅल्युमिनियम 7 टक्के निघाले. शेलशी ताडता गुणोत्तर तिप्पट येते आणि अहवाल लिहिणारा मध्यम प्रदूषणाचा शेरा मारून मोकळा होतो. पण त्याच खाडीच्या स्तंभातील सर्वांत खोल, उद्योगपूर्व काळातील थरात तांबे 110 आणि अ‍ॅल्युमिनियम साडेसात टक्के असेल, तर तेच गुणोत्तर जेमतेम 1.17 भरते, म्हणजे तांब्याच्या बाबतीत माणसाने घातलेली भर जवळजवळ नाहीच. शिशाचे याच्या उलट आहे. बेसाल्टात शिसे फारच अल्प असते. म्हणून उत्तर कोकणच्या गाळात शिसे 60 पीपीएम आढळले तर ते शेलच्या तिप्पट म्हणून जितके संशयास्पद, त्याहून कितीतरी अधिक संशयास्पद आपल्या मातीच्या मापाने ठरते. बाहेरून आणलेला मापदंड निरपराध्यास गोवतो आणि अपराध्यास सवलत देतो, हे येथे स्पष्ट दिसून येईल.

यास्तव आपल्याच खाडीचा जुना गाळ हा आपला मापदंड असावा. स्तंभातील थरांचे वय शिशाच्या 210 या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षांचे असल्यामुळे गेल्या शंभरेक वर्षांचा काळ त्याने मोजता येतो. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम 137 चा 1963 च्या सुमाराचा ठळक थर सापडला तर त्या कालगणनेची पडताळणीही होते. हा खर्च संस्थेला पेलणारा नसेल तर विद्यापीठाशी सहकार्य करावे. निदान खोल थर आणि वरचा थर यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून मागावेत. येथे एक सावधगिरी. मँगनीज वरच्या थरात अधिक आढळले म्हणून लगेच कोणाकडे बोट दाखवू नये. प्राणवायू नसलेल्या खालच्या चिखलात ते विरघळते, वर सरकते आणि प्राणवायू भेटताच पुन्हा जमते, हा त्याचा नैसर्गिक स्वभाव आहे.

गोव्यात हाच प्रश्न निराळे वळण घेतो. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून अनेक दशके लोहखनिजाची बार्जे ये-जा करीत. वाटेत सांडलेले आणि खाणींच्या ढिगाऱ्यांतून पावसाने वाहून आणलेले लोह व मँगनीज तेथील गाळात मिसळले आहे. अनेक अभ्यासांत अ‍ॅल्युमिनियमऐवजी लोहाशी गुणोत्तर काढण्याची प्रथा आहे; जेथे लोहच बाहेरून आले तेथे या रीतीने भागाकाराचा छेदच फुगतो आणि बाकीच्या धातूंचे प्रदूषण कागदावर घटलेले दिसते. गोव्याचा अहवाल हाती आला की छेदस्थानी कोणता धातू आहे हे आधी पाहावे.

अहवालाच्या शेवटी बहुधा काही निर्देशांक दिलेले असतात. त्यांपैकी जर्मन शास्त्रज्ञ म्यूलर यांचा 1969 चा भू-संचय निर्देशांक सर्वांत प्रचलित असून त्याचे शून्यापासून सहापर्यंत सात वर्ग आहेत. त्याचाही पाया तुलनेच्या आकड्यावरच असल्याने वर जे सांगितले ते त्यालाही लागू पडते. दुसरे कोष्टक 1995 साली लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील माहितीवरून मांडले: तळाच्या जिवांना ज्याच्या खाली अपाय क्वचित होतो अशी एक मर्यादा आणि ज्याच्या वर वारंवार होतो अशी दुसरी. पाऱ्यासाठी त्या 0.15 आणि 0.71, शिशासाठी 46.7 आणि 218, तांब्यासाठी 34 आणि 270 पीपीएम अशा आहेत. तांब्याची खालची मर्यादा आपल्या बेसाल्टी चिखलाच्या नैसर्गिक प्रमाणाहूनही कमी आहे, ही गोष्ट सुज्ञ वाचकाच्या ध्यानी आलीच असेल. शिवाय या मर्यादा गाळात राहणाऱ्या कृमी-कवचधाऱ्यांसाठी आहेत. त्या ओलांडल्या म्हणून तेथील मासळी खाण्यास अयोग्य ठरली असा त्यांचा अर्थ नव्हे, आणि त्या ओलांडल्या नाहीत म्हणून ती निर्धोक ठरली असाही नव्हे.

मासळीचे अनुमान गाळावरून करू नये, मासळीच तपासावी. खाजणातील कालवे, तिसऱ्या, शिवल्या जागेवरून फारशा हलत नाहीत आणि पाणी गाळून खातात, म्हणून स्थानिक धातूची साक्ष त्यांच्या मांसात मिळते. कॅडमियम, जस्त, तांबे यांसाठी त्याच तपासाव्यात. शिजविल्याने धातू जात नाही, आणि स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवल्याने जंतू कमी झाले तरी धातू तेवढ्यात कमी होत नाही. पाऱ्याचा मार्ग निराळा: प्राणवायूविरहित चिखलातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि ते लहान माशांतून मोठ्या माशांत वाढत वाढत जाते, म्हणून मोरी, गेदर यांसारख्या मोठ्या भक्षक माशांत ते अधिक आणि मांदेलीसारख्या लहान, अल्पायुषी मासळीत कमी असण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याची सह्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅममागे 1.6 मायक्रोग्रॅम मिथिल पारा इतकी ठरविली आहे. साठ किलो वजनाच्या स्त्रीला ती 96 मायक्रोग्रॅम होते. एखाद्या माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथिल पारा असेल तर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आतच ती भरून जाते. गर्भवती स्त्रियांनी मोठे भक्षक मासे टाळून लहान मासळी खावी, हा सल्ला या हिशेबातून निघतो. मासळीच वर्ज्य करावी असा सल्ला मात्र त्यातून निघत नाही, आणि कोकणात तो कोणी ऐकणारही नाही.

तपासणीत दोष निघालाच तर दाद कोठे मागावी? येथे कायद्यातील एक बारकावा ठाऊक असणे अगत्याचे आहे. 1974 च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याच्या भोगवटादारास सूचना देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, मोहोरबंद करून, सह्या घेऊन घेतलेला सांडपाण्याचा नमुनाच न्यायालयात पुराव्यादाखल ग्राह्य धरला जातो. 1986 च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम 11 मध्ये माती व इतर पदार्थांच्या नमुन्यांसाठी अशाच स्वरूपाची रीत घालून दिली आहे. म्हणून आपण स्वतः घेतलेल्या नमुन्याचा अहवाल हाती नाचवून खटला जिंकण्याची आशा बाळगू नये. त्याचा खरा उपयोग मंडळाकडे लेखी तक्रार करून, ठिकाण आणि खोली यांसह, अधिकृत नमुना घेण्यास त्यांना भाग पाडण्यासाठी होतो. तेथे तजवीज न झाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. तक्रारीची पोच आणि जावक क्रमांक जपून ठेवावेत.

शेवटी गाळ उपसण्याविषयी. प्रदूषित गाळ काढून टाका, ही मागणी ऐकावयास जितकी सरळ तितकी परिणामी अवघड आहे. खोल काळ्या चिखलात धातू बहुधा गंधकाशी बद्ध होऊन अद्राव्य सल्फाइडांच्या रूपाने स्थिर बसलेले असतात. तो चिखल उपसून हवेत पसरला म्हणजे सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होऊन आम्लता निर्माण होते आणि कॅडमियम, जस्त पुन्हा मोकळे होतात. जपानमध्ये मिनामाटा येथील रोगाची अधिकृत नोंद 1956 साली झाली, कारखान्याचे पाऱ्याचे सांडपाणी 1968 पर्यंत चालू राहिले, आणि त्यानंतर 25 पीपीएमहून अधिक पारा असलेला उपसागरातील गाळ उपसून बंदिस्त करण्याचे काम 1977 पासून 1990 पर्यंत चालले; त्यातून 58 हेक्टरांची भरीव जमीन तयार झाली आणि त्या जमिनीखाली तो पारा आजही आहे. एवढा बंदोबस्त करण्याची ऐपत नसता बंदराच्या अथवा जेट्टीच्या कामातून निघालेला गाळ खाजणात भराव म्हणून, शेताच्या बांधावर किंवा कोलंबीच्या तलावाकाठी टाकू देणे धोक्याचे आहे. म्हणून आपल्या हद्दीत असा गाळ येणार असल्याची कुणकुण लागताच ग्रामपंचायतीने ठराव करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: उपसावयाच्या पूर्ण खोलीपर्यंतच्या थरांचा तपासणी-अहवाल, केवळ वरच्या थराचा नव्हे, एकूण धातूबरोबरच सौम्य आम्लात किंवा क्षारात सुटणाऱ्या धातूचे प्रमाण, ज्यासाठी टेसियर यांच्या 1979 च्या पाच टप्प्यांच्या पद्धतीचा अथवा तत्सम रीतीचा अवलंब करता येतो, आणि गाळ टाकल्यानंतर झिरपणाऱ्या पाण्याची पहिल्या दोन पावसाळ्यांत कोणी, कोठे व किती वेळा तपासणी करावयाची, याची नावनिशीवार हमी. हे कागद हाती येईपर्यंत डंपर हद्दीबाहेर उभे राहावेत.